गैरहजेरीतील सुवर्ण

सप्टेंबर 2022 मध्ये बल्गेरियाच्या सोफिया शहरात रिदमिक जिम्नॅस्टिक्सची, म्हणजे हूप, चेंडू यांसारखी साधने हाती घेऊन संगीतावर केल्या जाणाऱ्या जिम्नॅस्टिक्सची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सर्व साधनांचे गुण मिळून ठरणारे मुख्य वैयक्तिक विजेतेपद इटलीच्या अठरा वर्षांच्या सोफिया राफाएली हिने पटकावले. शहराचे आणि विजेतीचे नाव एकच, हा योगायोग बातमीदारांना फार आवडला. परंतु त्याच बातम्यांच्या तळाशी आणखी एक वाक्य ठरल्यासारखे येत होते, ते म्हणजे या स्पर्धेत रशियाच्या खेळाडू नव्हत्या. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने रशिया आणि बेलारूस यांच्या खेळाडूंना स्पर्धांतून दूर ठेवले होते, त्यामुळे ते वाक्य खोटे नव्हते. मात्र ते ज्या जागी आणि ज्या सुरात लिहिले जात होते, त्यातून निघणारा अर्थ सरळ होता. आपल्याकडे ज्याला ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ म्हणतात, तसे हे सुवर्ण आहे, असे ते वाक्य सुचवत होते. 2023 मध्ये व्हॅलेन्सिया येथे जर्मनीच्या दारिया वारफोलोमेयेव्हने मुख्य विजेतेपदासह चारही साधनांची मिळून पाच सुवर्णपदके जिंकली, तेव्हाही हा सूर बदलला नाही.

बलाढ्यांच्या अनुपस्थितीत मिळालेले जागतिक विजेतेपद उणे समजावे काय, हा प्रश्न एका खेळापुरता नाही, आणि युद्धे व बहिष्कार यांच्या काळात तो वारंवार उभा राहणार आहे. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या संदर्भात तरी त्याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे असे मला वाटते. त्याचे कारण खेळाडूंविषयीच्या सहानुभूतीत नसून या अजिंक्यपद स्पर्धेच्या साठ वर्षांच्या इतिहासात आहे.

आधी विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मांडला पाहिजे, कारण तो खरोखरच भक्कम आहे. पहिली जागतिक स्पर्धा 1963 मध्ये बुडापेस्टला झाली आणि सोव्हिएत संघाची ल्युदमिला साविन्कोवा पहिली विजेती ठरली. तेव्हापासून 1991 पर्यंत दर दोन वर्षांनी एक, अशा पंधरा स्पर्धा झाल्या. त्यांपैकी तेरा स्पर्धांची मुख्य विजेती सोव्हिएत संघाची किंवा बल्गेरियाची होती. 1973 मध्ये रॉटरडॅमला तर बल्गेरियाची मारिया गिगोवा आणि सोव्हिएत संघाची गालिमा शुगुरोवा यांचे गुण समसमान झाले आणि त्या दोन देशांनी एकच सुवर्ण वाटून घेतले. उरलेल्या दोन वर्षांपैकी 1965 मध्ये प्रागला यजमान चेकोस्लोव्हाकियाची हाना मिचेखोवा जिंकली आणि 1975 मध्ये माद्रिदला पश्चिम जर्मनीची कारमेन रिशर. सोव्हिएत संघ फुटल्यानंतरही चित्र मोठे बदलले नाही. रशिया, युक्रेन आणि बल्गेरिया या तीन देशांबाहेर मुख्य विजेतेपद गेलेच नाही, आणि 2009 पासून 2021 पर्यंत झालेल्या सलग दहा स्पर्धा येवगेनिया कानायेवा, याना कुद्र्यावत्सेवा आणि दिना आवेरिना या तिघी रशियन खेळाडूंनी आपसांत वाटून घेतल्या.

म्हणजे 1975 च्या रिशरनंतर थेट 2022 च्या राफाएलीपर्यंत, तब्बल सत्तेचाळीस वर्षे, पूर्वीच्या सोव्हिएत भूमीबाहेरची किंवा बल्गेरियाबाहेरची एकही खेळाडू जगज्जेती झाली नाही. आणि 1975 मध्येही बलाढ्य गैरहजरच होते. ते साम्यवादविरोधी हुकूमशहा फ्रँकोच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष होते आणि त्याच्या स्पेनमध्ये भरलेल्या स्पर्धेला सोव्हिएत संघ, बल्गेरिया व पूर्व जर्मनी यांनी आपले संघ पाठवले नाहीत. दोन अपवाद, आणि दोन्ही वेळा मैदान रिकामे! शंका घेणाऱ्याच्या हाती याहून चांगले हत्यार कोणते हवे?

हे हत्यार दिसते तितके धारदार नाही, कारण 1975 आणि 2022 ही दोन वर्षे एका मापाची नाहीत. माद्रिदमध्ये सोव्हिएत आणि बल्गेरियन या दोन्ही परंपरा एकाच वेळी नव्हत्या. सोफियात मात्र बल्गेरिया घरच्या प्रेक्षकांसमोर पूर्ण ताकदीने उतरला होता आणि युक्रेनच्या मुलीही होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 1975 मध्ये या खेळाचे ज्ञान मोजक्या ठिकाणी कोंडलेले होते. 1934 मध्ये लेनिनग्राडच्या शारीरिक शिक्षण संस्थेत कलात्मक हालचालींचे विद्यालय निघाले, बॅलेच्या शिस्तीला साधनांची जोड मिळाली, आणि पुढे सरकारी क्रीडाशाळांनी लहान वयातील हजारो मुलींतून निवड करण्याची व्यवस्था उभारली. बल्गेरियात प्रशिक्षक नेश्का रोबेवा यांनी, कीव्हमध्ये अल्बिना आणि इरिना देर्युगिना या मायलेकींनी स्वतःची घराणीच निर्माण केली. घराणी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण गाण्यातल्याप्रमाणे इथेही तंत्र पुस्तकातून जात नाही. ते गुरूच्या नजरेखाली, वर्षानुवर्षांच्या रियाजातून जाते.

1991 नंतर ही घराणी विखुरली. नोकरीच्या शोधात प्रशिक्षक पश्चिम युरोपात, इस्रायलमध्ये, पूर्व आशियात गेले आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेले. राफाएली घडली ती इटलीतील फॅब्रियानो या हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या क्लबमध्ये. तिथे तिला घडवणाऱ्या जुलिएता कांतालुप्पी यांच्या आई क्रिस्टीना ग्युरोवा मूळच्या बल्गेरियन. वारफोलोमेयेव्हचा जन्म सायबेरियातील बार्नाऊलचा, ती बाराव्या वर्षी जर्मनीत आली, आणि तिच्या प्रशिक्षक युलिया रास्किना म्हणजे 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये बेलारूससाठी रौप्य जिंकणाऱ्या खेळाडू. तेव्हा 2022 नंतर रशिया स्पर्धेत नव्हता हे खरे असले, तरी त्या परंपरेचा अभ्यास तेथे होताच, वेगळ्या ध्वजाखाली होता. वासरांच्या कळपाची उपमा इथेच लंगडी पडते.

विजेतेपदांची यादी मुख्य वैयक्तिक प्रकारापुरतीच वाचली, तर आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. पाच जणींच्या सांघिक प्रकारात इटलीने 2009, 2010 आणि 2011 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि ती रशिया समोर असताना. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वैयक्तिक अंतिम फेरीत इस्रायलच्या लिनॉय अश्रामने दिना आवेरिनाला केवळ 0.15 गुणांनी मागे टाकले, त्याच ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण बल्गेरियाने घेतले, आणि हे सारे बंदी येण्याच्या सात महिने आधी घडले. आवेरिनाने दोनच महिन्यांत जपानमधील किताक्युशू येथे जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवले, हेही नोंदवले पाहिजे. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, अंतर आधीच घटत आले होते आणि बंदी त्या घटत्या अंतरावर येऊन पडली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘सगळे हजर असते तर निकाल खरा ठरला असता’ या विधानामागे एक गृहीतक आहे, ते म्हणजे सगळे हजर असतात तेव्हा स्पर्धा समतल असते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असते. तिथे हे गृहीतक बऱ्याच अंशी चालते. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये घड्याळ नाही. तेरा मीटर लांबीरुंदीच्या गालिच्यावर दीड मिनिटाच्या आत हूप, चेंडू, क्लब (मुद्गलांसारखी जोडी) किंवा सहा मीटरची रिबन घेऊन जे केले जाते, त्याची किंमत माणसे ठरवतात, आणि ही माणसे त्याच देशांच्या महासंघांतून आलेली असतात. कोणत्या हालचालीला किती मोल, हे ठरवणारी नियमावलीही त्यांच्यापैकीच काही जण लिहितात. अशा खेळात बलाढ्य देशाची उपस्थिती म्हणजे केवळ दोन उत्तम खेळाडूंची उपस्थिती नसते. त्यांच्यासोबत एक सवय येते, एक वजन येते, आणि ‘उत्तम रिदमिक म्हणजे अमुक’ ही पंचांच्या डोळ्यांत मुरलेली प्रतिमाही येते.

याचा पुरावा कल्पनेत शोधण्याची गरज नाही. 1987 मध्ये बल्गेरियातल्याच वार्ना शहरात यजमान संघाच्या बियांका पानोव्हाला प्रत्येक सादरीकरणासाठी पूर्ण दहा गुण मिळाले. पानोव्हा असामान्य होती याबद्दल दुमत नाही. पण मापाची पट्टीच दहावर संपत असेल, तर असामान्य आणि त्याहून असामान्य यांतला फरक दाखवणार कसा? पुढे गुणपद्धती वारंवार बदलली, काठिण्याच्या गुणांवरील कमाल मर्यादा 2018 मध्ये काढून टाकण्यात आली आणि कलात्मकतेचे गुण 2022 पासून सादरीकरणातील चुकांपासून वेगळे मोजले जाऊ लागले. या दुरुस्त्या चांगल्याच आहेत. परंतु दुरुस्ती करावी लागली, याचाच अर्थ आधीची पट्टी वाकडी होती, आणि त्या वाकड्या पट्टीने मोजलेल्या सुवर्णांना आपण कधी तळटीप जोडली नाही.

पट्टी वाकडी असणे निराळे आणि ती हातात धरणाऱ्याने वाकवणे निराळे. 2000 मध्ये सारागोसा येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत, 1997 ची जगज्जेती असलेल्या युक्रेनच्या येलेना वित्रिचेन्कोला इतके अनाकलनीय गुण दिले गेले की जागतिक महासंघाला चौकशी करून पंचांना निलंबित करावे लागले. 2013 मध्ये तर पंच होण्यासाठीच्या परीक्षांमध्येच सामूहिक कॉपी झाल्याचे उघडकीस आले. उत्तरपत्रिकांतील खाडाखोडसुद्धा एकसारखी होती. (दहावी-बारावीच्या कॉपीच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्या आपल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही, पण हे परीक्षार्थी इतरांना गुण देण्याचा अधिकार मिळवत होते.) या दोन्ही प्रकरणांच्या काळात रशिया, युक्रेन, बल्गेरिया, बेलारूस सगळे हजर होते. पूर्ण हजेरी हीच जर खऱ्या निकालाची हमी असती, तर ही प्रकरणे घडलीच नसती.

2001 चे माद्रिद याहून बोलके आहे. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या शहरात बलाढ्य आले नव्हते, तिथे या वेळी ते आले आणि आलिना काबायेवा जिंकली. तिच्या आणि तिची सहकारी इरिना चाश्चिना हिच्या चाचणीत फ्युरोसेमाइड हे मूत्रल औषध आढळल्यामुळे नंतर दोघींची पदके काढून घेण्यात आली, आणि युक्रेनची तमारा येरोफेयेवा जगज्जेती ठरली. येरोफेयेवाने त्या दिवशी गालिच्यावर काबायेवाला हरवले नव्हते. तरीही तिचे विजेतेपद आज निर्विवाद मानले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण जी स्पर्धेच्या नियमांत बसत नाही तिची तुलना विजेतीशी करायची नसते. हा न्याय उत्तेजकांच्या बाबतीत आपण बिनदिक्कत लावतो आणि बंदीच्या बाबतीत मात्र अडखळतो, ही विसंगती आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उत्तेजक घेणारा खेळाडू स्वतः दोषी असतो. आक्रमण करणाऱ्या देशात जन्मलेली वीस वर्षांची मुलगी दोषी कशी? तिला घरी बसवणे न्याय्य होते का? या प्रश्नावर माझेही मन पूर्णपणे स्वच्छ नाही. देशाचा ध्वज, देशाचे गीत आणि सरकारी खर्चावर चालणारी प्रशिक्षणकेंद्रे यांच्याशी इतक्या घट्ट बांधलेल्या खेळात खेळाडूला देशापासून सोडवून पाहणे अवघड आहे, तरीही सामूहिक शिक्षेत काही निरपराध भरडले जातात, हे नाकारता येत नाही. मात्र बंदी न्याय्य होती काय, हा एक प्रश्न आहे आणि बंदीच्या काळातील विजेतेपद अस्सल आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही निघो, दुसऱ्याचा हिशेब राफाएलीकडून चुकता करून घेण्याचे कारण नाही. बंदी अन्याय्य असेल, तर त्याचा जाब महासंघाला विचारावा. तळटीप मात्र नेमकी त्या व्यक्तीच्या नावाला चिकटते, जिने कुणालाही रोखलेले नसते.

शिवाय अनुपस्थिती हा या स्पर्धेतला अपघात नाही. ती नियमातच बसवलेली आहे. एका देशाच्या दोनपेक्षा अधिक खेळाडूंना मुख्य अंतिम फेरीत स्थान मिळत नाही. रशियाच्या भरभराटीच्या वर्षांत तिथली तिसरी, चौथी आणि कदाचित पाचवी खेळाडूही जगातल्या पहिल्या दहांत सहज बसली असती, पण ती घरी दूरचित्रवाणीसमोर असे. याचा सर्वांत बोचरा दाखला ओक्साना कोस्तिना हिचा आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये विघटित सोव्हिएत संघाच्या संयुक्त संघाला दोनच जागा होत्या आणि त्या अलेक्झांड्रा तिमोशेन्को व ओक्साना स्काल्दिना या युक्रेनच्या दोघींना मिळाल्या. इर्कुत्स्कची कोस्तिना बाहेर राहिली. तिमोशेन्कोने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रुसेल्सला कोस्तिना जगज्जेती झाली. फेब्रुवारी 1993 मध्ये मोटार अपघातात ती गेली. बार्सिलोनाच्या सुवर्णापुढे ‘कोस्तिना नव्हती’ असे कोणी कंसात लिहीत नाही. राजकारणाने आणि नियमाने मिळून घडवलेली ती अनुपस्थिती आपण सहज पचवली, कारण तिच्यामुळे कोणत्या बलाढ्य देशाचा मान दुखावला नव्हता.

आपल्या घरचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार घातला आणि पुरुष हॉकीत भारत, स्पेन, सोव्हिएत संघ, पोलंड, क्युबा आणि टांझानिया असे सहाच संघ उरले. पाकिस्तान नव्हता, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया नव्हते. चार वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलमध्ये सातव्या क्रमांकावर घसरलेल्या भारताने टांझानियावर अठरा गोल केले आणि अंतिम सामन्यात स्पेनला 4-3 असे हरवले. भारताची हॉकीतील आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मोजताना आपण ते आठवे अर्धे धरत नाही. 1983 मध्ये लॉर्ड्सवर कपिलदेवने विश्वचषक उचलला, तेव्हा वर्णभेदामुळे बहिष्कृत झालेला दक्षिण आफ्रिका क्रिकेटच्या नकाशावरच नव्हता, आणि बंदी घातली गेली त्या वेळचा तो कदाचित जगातला सर्वांत बळकट संघ होता. त्या चषकाला तळटीप जोडण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रातल्या एखाद्या कट्ट्यावर मांडून पाहावा! जो न्याय आपण आपल्या हॉकीला आणि क्रिकेटला देतो, तो फॅब्रियानोच्या मुलीला नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

या तर्काला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. राफाएली किंवा वारफोलोमेयेव्ह यांनी त्या दिवशी आवेरिनाला हरवलेच असते, असा माझा दावा नाही. तसा दावा कोणालाच करता येणार नाही, आणि उलटा दावाही करता येणार नाही. उद्या रशियाच्या खेळाडू स्वतःच्या ध्वजाखाली पुन्हा उतरल्या आणि पहिल्याच वर्षी जिंकल्या, तर ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणणारे पुढे येतील. हरल्या, तर दुसरी बाजू तेच म्हणेल. दोन्ही निकालांतून 2022 विषयी काहीच सिद्ध होणार नाही, कारण मधल्या काळात नियमावली बदललेली असेल, खेळाडू बदललेल्या असतील आणि पंचांची नजरही बदललेली असेल. अजिंक्यपद ही त्या वर्षी, त्या गालिच्यावर, आलेल्यांमध्ये ठरलेली गोष्ट असते. 1963 मध्ये बुडापेस्टला फक्त युरोपातील 10 देशांच्या 28 खेळाडू आल्या होत्या. अमेरिका, जपान, चीन यांपैकी कोणी नव्हते. साविन्कोवाला आपण तेव्हाही जगज्जेती म्हटले आणि आजही म्हणतो.

मला खरी चिंता वाटते ती दुसरीच. बलाढ्य परतल्यावर खेळ पूर्ववत झाला की जणू सर्व ठीक झाले, असे मानले जाईल, आणि ज्या व्यवस्थेत 47 वर्षे एकही बाहेरची खेळाडू शिखरावर पोहोचू शकली नाही, त्या व्यवस्थेची चिकित्सा करायची राहून जाईल. पंचांची निवड त्यांच्या देशाच्या महासंघाच्या हातून काढून घ्यावी, नियमावली लिहिणाऱ्या समितीत एकाच परंपरेची माणसे बहुसंख्य असू नयेत, आणि संशयास्पद गुणांची चौकशी स्पर्धा संपण्याआधीच व्हावी, या मागण्या तळटिपांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाच्या आहेत. रशिया दूर असतानाही पंचांविषयीच्या तक्रारी थांबल्या नाहीत, यावरून दोष एका देशात नसून रचनेत आहे, हे कळायला हवे.

ऑगस्ट 2025 मध्ये ही स्पर्धा प्रथमच दक्षिण अमेरिकेत, रिओ द जानेरो येथे झाली. वैयक्तिक विजेतेपद पुन्हा वारफोलोमेयेव्हकडे गेले. सांघिक प्रकारात जपान पहिला आला आणि यजमान ब्राझील दुसरा. ब्राझीलला या प्रकारात जागतिक पदक पूर्वी कधीच मिळाले नव्हते. निकाल फलकावर दिसला तेव्हा त्या पाच मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि सारे सभागृह उभे होते. तिथे कोण आले नव्हते, याची चौकशी करायला त्या क्षणी कोणाला सवड नव्हती.